इन्स्पायर शिष्यवृत्ती: वर्षाला 80 हजार, पण अर्ज कोण करू शकतं?

हुशार मुलांनी मूलभूत विज्ञानाकडे वळावं आणि पुढे संशोधनात टिकावं, यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2008 मध्ये ‘इन्स्पायर’ योजना आणली. तिच्यातल्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत वर्षाला 80 हजार रुपये मिळतात. त्यांपैकी 60 हजार शिष्यवृत्तीचे आणि 20 हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पाचे. मुदत जास्तीत जास्त 5 वर्षं, म्हणजे एमएस्सीपर्यंत पुरते. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी तहसीलच्या फेऱ्या वाचतात.

मुख्य अट गुणांची. बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात नाव हवं. कट-ऑफ बोर्डागणिक आणि वर्षागणिक बदलतो, तेव्हा गेल्या वर्षीचा आकडा पाहून आधीच हात टेकू नका. जेईई किंवा नीटला पहिल्या 10 हजारांत येऊनही बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी निवडली असेल, तर तोही मार्ग आहे. वय 17 ते 22. बारावी अर्जाच्याच वर्षी झालेली हवी आणि सध्या पदवीचं पहिलं वर्ष सुरू हवं. गॅप घेतला असेल तर ही शिष्यवृत्ती विसरा.

खरी गोची विषयाची. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, संख्याशास्त्र, बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री हे विषय यादीत आहेत. इंजिनीअरिंग-मेडिकल नाही हे समजण्यासारखं आहे, पण बायोटेक्नॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्सही नाही. बायोकेमिस्ट्री चालते आणि बायोटेक चालत नाही, हे मला काही पटत नाही. पण प्रवेश घेण्याआधी यादी बघणं आपल्या हातात आहे.

कागदपत्रं मोजकीच: फोटो, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट, जेईई-नीटच्या मार्गाने जाणार असाल तर रँकचा पुरावा, आणि कॉलेजचं एन्डॉर्समेंट सर्टिफिकेट. हे शेवटचं नेहमीचं बोनाफाईड नव्हे. इन्स्पायरच्या पोर्टलवरचा ठरलेला नमुना डाउनलोड करायचा, कोर्स आणि विषय नीट भरायचे, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा. कॉलेजच्या ऑफिसात हा कागद दोन-चार दिवस सहज अडकतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

अर्ज फक्त ऑनलाइन. मुदत दरवर्षी पोर्टलवर जाहीर होते. निवड झाली की आधी तात्पुरतं ऑफर लेटर येतं, मग बँकेचा तपशील द्यायचा. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि पासबुकवर बहुधा शेवटी; नावाचं स्पेलिंग तरी दोन्हीकडे एकच आहे ना, हे आत्ताच तपासून घ्या.

पैसे दरमहा येत नाहीत, वर्षाचे एकदम येतात, त्यामुळे यंदाच्या फीची सोय वेगळी करावी लागेल. पुढच्या वर्षीचा हप्ता मार्कशीट आणि प्रगती अहवाल अपलोड केल्यावर मिळतो. प्रकल्पाच्या 20 हजारांसाठी मार्गदर्शक आपणच शोधायचा असतो. प्राध्यापकांना ईमेल उन्हाळ्याच्या तोंडावर नको, दिवाळीनंतर लगेच करा.