डिपॉझिट, ताबा आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या

मुंबई-पुण्यात भाड्याचे घर सोडताना जे वाद होतात, त्यांत स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांचा वाद हमखास असतो. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलेला असतो, शेगडीजवळच्या शटरचा सनमायका सुटलेला असतो, एखादी बिजागरी स्क्रूसकट निखळलेली असते. घरमालकाच्या मते हे नुकसान असते, भाडेकरूच्या मते रोजच्या वापराची झीज. आणि या दोन मतांचा निवाडा होईपर्यंत डिपॉझिट मालकाच्याच खात्यात राहते. हे भांडण माणसांच्या स्वभावाचे आहे असे सहसा मानले जाते. परंतु महाराष्ट्रात भाड्याच्या घरासाठी डिपॉझिट घेण्याची पद्धत ज्या कारणाने रुजली त्यात कपाटे, भिंती किंवा नळ यांना फारसे स्थान नव्हते. मुख्य कारण ताब्याचे होते, आणि आजच्या वादांचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

झिजेविषयीचा मूळ नियम जुना आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूने मालमत्ता ज्या स्थितीत मिळाली त्याच चांगल्या स्थितीत परत करायची असते. वाजवी वापरामुळे झालेली झीज आणि आवाक्याबाहेरच्या शक्तीने घडलेले बदल एवढेच यातून वगळलेले आहेत. त्याच कलमानुसार, भाडेकरूने स्वतः बसवलेली वस्तू त्याला जाताना काढून नेता येते, मात्र जागा पूर्ववत करून द्यावी लागते. 'वाजवी झीज' म्हणजे किती, हे कायद्याने सांगितले नाही आणि त्या काळी ते सांगण्याची निकडही नसावी. चूल, पाटा-वरवंटा, डबे आणि फडताळ असलेल्या स्वयंपाकघरात भाडेकरूच्या हातून बिघडण्यासारखे मालकाचे असे फारसे काही नव्हतेच.

विसाव्या शतकात कायद्याचे सारे लक्ष दुसरीकडे गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाड्यांवर पहिले निर्बंध आले आणि पुढे १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येईल असे कायद्याने ठरवलेले भाडे, सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकले. भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही, अशा अवस्थेत मालकांनी पागडीची वाट धरली. याच कायद्याच्या कलम १८ नुसार भाडेपट्टा देण्यासाठी प्रमाण भाड्याखेरीज नजराणा, अधिमूल्य किंवा अनामत घेणे हा मालकाच्या बाजूने गुन्हा होता. म्हणजे आज ज्याला आपण बिनदिक्कत डिपॉझिट म्हणतो, ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ नियंत्रित भाडेपट्ट्यांच्या बाबतीत कागदावर येऊच शकत नव्हते. पैसा अर्थातच फिरत होता, फक्त पावती नव्हती.

कायद्याच्या या कचाट्यातून सुटण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे परवान्याचा मार्ग निघाला. परवाना हा १८८२च्याच सुविधाधिकार (ईझमेंट्स) कायद्यातला प्रकार. त्यात जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ वापरण्याची मुभा मिळते. पण भाडे नियंत्रण कायद्याच्या १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरू ठरवले आणि मालकवर्गाने या तारखेचा धसका घेतला. अनेकांनी फ्लॅट कुलूपबंद ठेवले. काहींनी बँका आणि कंपन्यांखेरीज कोणाला जागा दिली नाही. जे सामान्य कुटुंबाला देत, ते मोठी रक्कम हाती ठेवूनच देत. या रकमेचे काम एकच होते: मुदत संपल्यावर माणूस जागा सोडेल याची हमी. तिचा आकार म्हणूनच घरातल्या सामानाच्या किमतीवरून ठरत नसे, तर ताबा अडकल्यास कोर्टात जाणाऱ्या वर्षांच्या अंदाजावरून ठरे. 'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडे नाममात्र ठेवण्याची मुंबईतली रीतही या धास्तीत आणि पैशाच्या गरजेत वाढली.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात परवान्याची मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळवण्याची सोय झाली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. या कायद्याने तीन गोष्टी केल्या ज्यांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. कलम ५६ ने अनामत आणि अधिमूल्य घेणे कायदेशीर ठरवले, मात्र त्याला कमाल मर्यादा घातली नाही. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली; नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. (एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला देशाच्या नोंदणी कायद्याखाली नोंदणी सक्तीची नाही म्हणून रुळलेला अकरा महिन्यांचा आकडा इथे तसा निरुपयोगी आहे, तरी तो सुटत नाही.) आणि कलम २४ ने मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट परवाना शुल्क (म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम) घेण्याची तरतूद केली. ताब्याचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला, परंतु त्या प्रश्नासाठी जन्मलेले डिपॉझिट मागे राहिले. कलम २४ मध्ये ताबा आणि नुकसानभरपाई आहे. डिपॉझिट परत करण्याविषयी एक शब्द नाही.

नेमक्या याच काळात स्वयंपाकघर बदलत होते. चाळीच्या खोलीत मोरी, कोपऱ्यातला ओटा आणि भिंतीवरची स्टीलची मांडणी असे. मांडणी भाडेकरूची, ती तो खिळ्यांसकट घेऊन जाई. फ्लॅट संस्कृतीत कडप्प्याचा आणि मग ग्रॅनाइटचा ओटा आला, आणि त्याखालच्या मोकळ्या कप्प्यांत चॅनेलवर सरकणाऱ्या स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या बसल्या. पुढे वरची कपाटे, चिमणी, हॉब असा सगळा संच 'मॉड्युलर किचन' या नावाने घरमालकाच्या जाहिरातीत 'सेमी-फर्निश्ड' या सदरात गणला जाऊ लागला. १९९९च्या कायद्यात 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीला जोडलेल्या फिटिंग्जचाही समावेश आहे, त्यामुळे भिंतीला ठोकलेला हा संच जागेचाच भाग ठरतो आणि जागा परत करण्याच्या जबाबदारीत ओघाने येतो.

अडचण आहे ती या संचाच्या आयुष्याची. चांगल्या सुताराने आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लाय वापरले, तर सिंकखालचा ओलावा ते बरीच वर्षे सोसते. पण भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घरात पुष्कळदा पार्टिकल बोर्ड असतो: लाकडाचा भुसा आणि चिकट द्रव्य दाबून केलेला तक्ता, वर सनमायका, कडेला चिकटवलेली पट्टी. वेस्ट पाइपच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत राहिले की पट्टी सुटते, उघड्या पडलेल्या कडेतून पाणी आत शिरते, बोर्ड फुगतो आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. मग बिजागरीचे स्क्रू भुशात धरत नाहीत आणि शटर लोंबकळते. यात भाडेकरूचा दोष किती? गळती दिसत असूनही त्याने कळवली नसेल तर दोष त्याचा आहे, असे माझे मत. पण गळती पाइपच्या सांध्याची आणि माल हलका असेल, तर त्याला झीज म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

खरा तंटा रकमेवरून पेटतो. फुगलेला तळ बदलायला सुतार जितके मागतो, त्याच्या कितीतरी पट आकडा मालकाच्या कोटेशनमध्ये असतो, कारण पाच-सात वर्षांपूर्वीच्या सनमायक्याची तीच छटा आता बाजारात मिळत नाही आणि एक शटर वेगळे दिसू नये म्हणून सगळीच बदलायची असतात. करार कायद्याच्या कलम ७३ व ७४ चा रोख झालेल्या नुकसानीची वाजवी भरपाई मिळावी असा आहे. जुन्या संचाच्या जागी नवा कोरा संच हे त्यात सहजी बसत नाही. तरीही डिपॉझिट हाती असलेल्या मालकाला हे कोणापुढे सिद्ध करावे लागत नाही. सिद्ध करायचे ते भाडेकरूने, दावा लावून, आणि तोही साधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वेगळा अनुभव येतो. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारांतले डिपॉझिट मान्यताप्राप्त संरक्षण योजनेखाली आणावे लागते, आणि वाद झाल्यास योजनेतला तटस्थ निवाडाकार वस्तूचे वय व उरलेले आयुष्य पाहून कपातीचा आकडा ठरवतो.

आपल्याकडे राज्य शासन डिपॉझिटची दखल घेते, पण मुद्रांक शुल्कापुरती: परत करण्याच्या अनामतीवर दरसाल १० टक्के काल्पनिक व्याज धरून ते शुल्काच्या हिशेबात मिळवले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने मात्र या विषयाला नेमका हात घातला. निवासी जागेसाठी डिपॉझिटची कमाल मर्यादा दोन महिन्यांचे भाडे, ताबा घेतानाच कपात वजा करून परतावा, आणि दुरुस्त्यांची विभागणी करणारे परिशिष्ट अशी त्याची रचना आहे. त्या परिशिष्टात, वेगळे ठरले नसेल तर, भिंतींची सफेदी, नळजोडणीचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे आहे. स्वयंपाकघरातील फिटिंग्जची दुरुस्ती आणि कपाटांच्या मुठी व कुलपे बदलणे भाडेकरूकडे आहे. सांध्यातल्या गळतीने फुगलेला तळ या दोन याद्यांच्या मधोमध पडतो. शिवाय हा नुसता नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

तोवर सगळा भार करारनाम्यावर. नेहमीच्या मसुद्यात 'नैसर्गिक झीज वगळून' असे वाक्य असते आणि परिशिष्टात पंखे, ट्यूबलाइट, गीझर नगावार मोजलेले असतात. ट्रॉल्या मात्र 'किचन ट्रॉली – १ संच' एवढ्यावर भागवल्या जातात, त्यांचे वय, माल किंवा आधीचे डाग यांचा उल्लेख नसतो. काही मसुद्यांत, डिपॉझिट परत मिळेपर्यंत परवानाधारकाला शुल्क न देता जागेत राहता येईल, असेही कलम असते. ज्या भीतीपोटी डिपॉझिट सुरू झाले तीच भीती या कलमाने मालकाकडे परत पाठवली आहे, आणि म्हणूनच नोंदणीच्या वेळी एजंटकडून ते खोडून घेणारे मालक आढळतात.