आपल्या शेड्यूलरचा आवृत्ती-क्रमांक काय सांगतो?

एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बडोदे

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे रोज रात्री गोदामाचा साठा जुळवला जातो, बँकेला पगाराची किंवा पुरवठादारांच्या पैशांची फाईल जाते, दिवसभराच्या विक्रीचे आकडे मुख्य कचेरीत पोहोचतात. ही कामे ठरल्या वेळी आणि ठरल्या क्रमाने लावणारे सॉफ्टवेअर म्हणजे वर्कलोड ऑटोमेशन, रोजच्या बोलण्यात शेड्यूलर. वर्षातून दोन-तीनदा आम्ही आपल्याला फोन करतो की नवा मेंटेनन्स रिलीज आला आहे, तो चढवायला रविवारचे चार तास द्या. पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "चाललंय ना व्यवस्थित? मग हात कशाला लावायचा?"

प्रश्न रास्त आहे. मकरपुऱ्यापासून सावलीपर्यंत आमच्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाने तो विचारला आहे, आणि फोनवर दोन मिनिटांत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान झालेले नाही. म्हणून हे पत्रक. गुजराती पत्रक वेगळे छापले आहे. ज्यांच्या घरी आणि कचेरीत मराठी बोलली जाते त्यांच्यासाठी हे मराठीतच लिहिले, भाषांतर केलेले नाही.

क्रमांक वाचायचा कसा

समजा स्क्रीनच्या कोपऱ्यात ९.२.४ असे दिसते. पुस्तकांचा व्यवहार डोळ्यांसमोर आणला तर हे आकडे लवकर उलगडतात. पुस्तक छापून झाल्यावर चार चुका सापडल्या की प्रकाशक आत एक चिठ्ठी घालतो, शुद्धिपत्र. तो झाला हॉटफिक्स. पुढच्या पुनर्मुद्रणात त्या चुका मजकुरातच दुरुस्त होतात आणि बाकीची पाने जागच्या जागी राहतात. तो मेंटेनन्स रिलीज. काही कंपन्या त्यालाच फिक्स पॅक म्हणतात, आणि वरच्या उदाहरणातला शेवटचा ४ त्याचा आहे. "सुधारून वाढवलेली आवृत्ती" निघते तेव्हा नवी प्रकरणे येतात पण जुनी तशीच राहतात, हा मधला २. आणि सगळी मांडणीच पुन्हा केली, पृष्ठांक बदलले, जुन्या पृष्ठांकांवर अवलंबून असलेले संदर्भ चुकू लागले, तर पहिला आकडा बदलतो.

आकड्यांचा हा अर्थ टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी "सिमँटिक व्हर्जनिंग" या नावाने लिहून काढला. त्या नियमांची दुसरी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि पुष्कळ प्रोग्रॅमर ती पाळतात. मात्र ती कोणावर बंधनकारक नाही, आणि शेड्यूलर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची चाल आपापली असते. बीएमसी सॉफ्टवेअर या कंपनीच्या कंट्रोल-एम या शेड्यूलरच्या आवृत्त्या ९.०.१८, ९.०.१९, ९.०.२०, ९.०.२१ अशा आल्या. वरवर पाहता फक्त तिसरा आकडा हलला, पण त्यातली प्रत्येक आवृत्ती भरगच्च आहे, आणि फिक्स पॅकची खूण चौथ्या जागी येते, जसे ९.०.२०.२००. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचे तर वेगळेच: २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल, त्यात लहान-मोठ्याचा काही संबंध नाही. म्हणून नुसता आकडा पाहून "किरकोळ आहे, आज दुपारीच टाकून घ्या" असे म्हणू नये. रिलीज नोट्स, म्हणजे आवृत्तीत काय बदलले याची कंपनीने दिलेली टिपणे, वाचाव्यात. त्या वाचणे हे आमचे काम आहे आणि आम्ही त्या शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. मधला टिंब हा दशांश चिन्ह नव्हे. ९.१० ही ९.९ च्या पुढची आवृत्ती आहे, ९.१ च्या जोडीची नाही. एक्सेलमध्ये आवृत्त्यांची यादी ठेवली की एक्सेल ९.१० चे ९.१ करून टाकते आणि मग कोणता सर्व्हर मागे राहिला हेच कळेनासे होते. त्या रकान्याला आधी "टेक्स्ट" करा.

आपण थांबलो तरी बाकीचे थांबत नाहीत

"हात कशाला लावायचा" या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. शेड्यूलर एकटा राहत नाही. त्याच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिम असते, बाजूला डेटाबेस, पलीकडे बँकेचा सर्व्हर, आणि यांतले प्रत्येक आपापल्या गतीने पुढे जात असते.

उदाहरण घ्या. दोन संगणकांत सुरक्षित जोडणी करणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमची ८.८ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि त्यात ओळख पटवायच्या एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या आरएसए डिजिटल सह्या मुळातच बंद ठेवलेल्या होत्या. फाईल पाठवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला तीच जुनी सही येत असेल तर समोरच्याने सर्व्हर नवा केल्याच्या रात्री फाईल जायची थांबते. आपल्या बाजूला कोणी काहीही बदललेले नसते. सकाळी हिशेबनीस विचारतात, "काल काय केलंत?" आणि "काहीच नाही" हे उत्तर अक्षरशः खरे असते. ऑपरेटिंग सिस्टिमचेही तसेच: विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. नव्या सर्व्हरवर जुना शेड्यूलर बसतोच असे नाही.

दुसरे उदाहरण सुरक्षेचे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा भाषेतल्या लायब्ररीतले (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमधले) भगदाड जगजाहीर झाले. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण होते. जावात लिहिलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे तेव्हा एकच प्रश्न होता, आपल्या पोटात ही लायब्ररी आहे का? दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. २.१५.० आली, ती अपुरी निघाली म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपता संपता २.१७.१. आता मुद्द्याचे सांगतो. अशा वेळी सॉफ्टवेअर कंपनी दुरुस्ती बनवते ती सपोर्टमध्ये असलेल्या आवृत्त्यांसाठी, आणि बहुतेकदा त्यांच्या अलीकडच्या फिक्स पॅकवरच. जो ग्राहक एक पाऊल मागे आहे त्याला एक रात्र पुरते. जो सहा पावले मागे आहे त्याला ती सहा पावले आधी चढावी लागतात, तीही भगदाड उघडे असताना. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकांच्या कामकाजाच्या नोंदी, जपावे लागतात. त्या सहा तासांत आवृत्त्यांचा पाठलाग करायला कोणालाच सवड नसते.

मागे फिरण्याची वाट

या पत्रकातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकी चाळले तरी चालेल, हा वाचा.

रविवार, १७ जून २०१२. ब्रिटनमधल्या आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) गटाच्या बँकांमध्ये बॅच शेड्यूलरची नवी आवृत्ती चढवली गेली. गडबड दिसू लागली तेव्हा तंत्रज्ञांनी ती उतरवून जुनीवर परत जायचे ठरवले आणि त्याचे परिणाम काय होतील हे आधी तपासले नाही. नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. रात्रीची कामे अडकली, एका रात्रीचे थकलेले काम दुसऱ्या रात्रीच्या वाटेत आले. ब्रिटनमध्ये ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ बसली: शिल्लक दिसेना, पगार खात्यात येईना, हप्ते भरता येईनात. गटातल्या अल्स्टर बँकेची घडी बसायला जुलै उजाडला. २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. इतक्या मोठ्या बँकेला अपग्रेडने जेवढे नडले नाही तेवढे घाईने मागे फिरण्याने नडले.

असे का होते ते समजून घेऊ. शेड्यूलरची आवृत्ती चढते तेव्हा फक्त प्रोग्रॅम बदलत नाही, त्याच्या डेटाबेसचे रकानेही बदलतात. जुना प्रोग्रॅम परत टाकला तर त्याला नवे रकाने वाचता येत नाहीत, म्हणून डेटाबेसही बॅकअपवरून परत आणावा लागतो. आणि खरा धोका इथेच आहे. समजा रात्री १ वाजता बॅकअप घेतला, २ ला आवृत्ती चढवली, ३ ला पगाराची फाईल बँकेत गेली, आणि ५ वाजता काही बिनसले म्हणून १ च्या बॅकअपवर परत आलो. शेड्यूलरच्या दृष्टीने आता १ वाजला आहे. पगाराची फाईल गेली हे त्याला ठाऊकच नाही. तो ती पुन्हा पाठवील.

म्हणून आमच्या पद्धतीत मागे फिरण्याची वाट आधी चालून पाहिली जाते, पुढची नंतर. टेस्ट सर्व्हरवर आम्ही नवी आवृत्ती चढवतो, ती उतरवतो, आणि मग पुन्हा चढवतो. प्रत्यक्ष रात्री बॅकअपच्या आधी सगळे जॉब, म्हणजे शेड्यूलरने चालवायची कामे, होल्डवर जातात, थांबवून ठेवले जातात. चढवून झाल्यावर निरुपद्रवी कामे आधी सोडतो, ज्यांत फक्त वाचन आहे, बाहेर काही जात नाही. पैशांची फाईल सर्वांत शेवटी, आणि ती सोडण्यापूर्वी आपल्याकडच्या जबाबदार माणसाला फोनवर विचारूनच. तो फोन पहाटे येतो याची कल्पना आहे. कृपया उचला. त्या क्षणानंतर मागे फिरणे महाग असते, आणि तो निर्णय आपला असावा, आमचा नव्हे.

आणखी एक क्रम. बहुतेक शेड्यूलरांत मुख्य सर्व्हर आधी वर जातो आणि एजंट, म्हणजे बाकीच्या संगणकांवर बसून सर्व्हरच्या सांगण्यावरून कामे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, मागून. नवा सर्व्हर मागच्या काही आवृत्त्यांच्या एजंटांशी बोलू शकतो, जुन्या सर्व्हरला नव्या एजंटाची भाषा कळेलच याची खात्री नसते. त्यामुळे हालोलच्या युनिटमधल्या संगणकावर कोणी परस्पर नवा एजंट टाकू नये.

आमच्या हातून घडलेली एक चूक

हॉटफिक्स ही चिठ्ठी आहे हे वर लिहिले. चिठ्ठी हरवू शकते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे सुट्ट्यांच्या कॅलेंडरमधला दोष एका हॉटफिक्सने दुरुस्त केला होता. पुढे आम्ही नवा फिक्स पॅक चढवला. फिक्स पॅक सहसा आधीच्या सगळ्यांना पोटात घेतो, चौथ्यात पहिले तीन असतातच, म्हणून हॉटफिक्सही त्यात असेल असे आम्ही धरून चाललो. तो नव्हता. फिक्स पॅकची फाईल त्यावर बसली आणि जुना दोष परत आला. शेवटच्या कामाच्या दिवशी चालायचा जॉब सुट्टीच्या दिवशी चालला आणि दुसऱ्या दिवशी रवानगीच्या याद्या कोऱ्या निघाल्या. गाड्या दुपारपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. चूक पूर्णपणे आमची होती आणि आम्ही ती त्या दिवशीच लेखी कळवली.

तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक नोंदवही आहे. कोणता हॉटफिक्स, कोणत्या तारखेला, कशासाठी, आणि तो पुढे कोणत्या फिक्स पॅकमध्ये सामावला. शेवटचा रकाना रिकामा असेल तर नवा फिक्स पॅक चढत नाही. वही आपल्याला केव्हाही मागता येईल.

केव्हा चढवायचे

पूर्वी बँका रात्री आणि रविवारी मिटलेल्या असत. आता एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास दर अर्ध्या तासाने चालते, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, आणि पगार, हप्ते अशा मोठ्या संख्येच्या व्यवहारांची एनएसीएच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही. पूर्ण शांत अशी रात्र उरलेली नाही, ती शोधून काढावी लागते.

महिन्याची ७ तारीख टीडीएसची, ११ आणि २० जीएसटीच्या विवरणपत्रांची, १५ पीएफची. या दिवसांना आणि आदल्या रात्रीला आम्ही शेड्यूलरला हात लावत नाही. मार्चच्या मध्यापासून एप्रिलचा पहिला आठवडा संपेपर्यंत फक्त सुरक्षेचा तातडीचा पॅच (छोटी दुरुस्ती). उत्तरायणाचे दोन दिवसही नकोत. कारखाना बंद असतो हे खरे, पण काही अडले तर गच्चीवरून खाली उतरून फोन घेणारे कोणी सापडत नाही, हा आमचा अनुभव आहे.

बडोद्यात सर्वांत चांगला काळ दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंतचा. उत्पादन थांबलेले, रवानगी थांबलेली, जॉब थोडे. मधला किंवा पहिला आकडा बदलणारी मोठी आवृत्ती आम्ही तेव्हाच सुचवतो. लहान मेंटेनन्स रिलीज मात्र दिवाळीपर्यंत साठवू नका, ते महिन्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यातल्या रविवारी, वरच्या तारखा टाळून, आरामात होतात.

यंदाच्या दिवाळीसाठी आपली पाळी लावायची असेल तर नवरात्र बसण्यापूर्वी आम्हाला तीन गोष्टी पाठवा: शेड्यूलरच्या "अबाउट" पानाचा फोटो, सर्व एजंटांची त्यांच्या आवृत्त्यांसह यादी, आणि पहाटे फोन उचलणाऱ्या दोन माणसांची नावे. टेस्ट सर्व्हर नसेल तर तसेही कळवा. काही आठवड्यांसाठी आमच्या कचेरीतला एक यंत्रसंच त्यासाठी राखून ठेवता येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.