सलग ८० पराभवांच्या मागे काय होतं?

१९८९ च्या हंगामापासून सप्टेंबर १९९८ पर्यंत टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉल संघ सलग ८० सामने हरला. (फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, लांबट चेंडूचा.) तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये इतकी लांब पराभवांची मालिका दुसऱ्या कुठल्याच संघाच्या नावावर नाही. हा आकडा सांगून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ह्यूस्टनच्या वायव्येला, एकेकाळी गुलामांच्या श्रमांवर चाललेल्या अल्टा व्हिस्टा मळ्याच्या जागेवर हे कृष्णवर्णीयांसाठीचं सरकारी महाविद्यालय १८७६ मध्ये स्थापन झालं. गोऱ्यांची विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना दारात उभं करत नव्हती, त्या काळात राज्यातले उत्तमोत्तम खेळाडू इथे येत. प्रशिक्षक बिली निक्स यांच्या हाताखाली संघाने १९५३, १९५४, १९५८, १९६३ आणि १९६४ अशी पाच वर्षं कृष्णवर्णीय महाविद्यालयांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा ओटिस टेलर इथलाच. पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलेला केन ह्यूस्टनही इथलाच.

मग दारं उघडली. १९६६ मध्ये जेरी लव्हायस सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाकडून मैदानात उतरला. टेक्सासमधली मोठी विद्यापीठं ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये (आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) खेळत, तिथे शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हे व्हायलाच हवं होतं, फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याची किंमत प्रेअरी व्ह्यूसारख्या संस्थांनी मोजली. मोठी स्टेडियम आणि भरपूर पैसा असलेली विद्यापीठं आता तीच मुलं नेऊ लागली. प्रेअरी व्ह्यूच्या वाट्याला आधीपासूनच अपुरा असलेला निधी उरला.

१९९० मध्ये पैशांची घडी पार विस्कटली आणि त्या वर्षी संघ खेळलाच नाही. १९९१ मध्ये परतला तो खेळाडूंसाठी एकही शिष्यवृत्ती नसताना, आणि प्रतिस्पर्धी मात्र शिष्यवृत्त्या देऊन मुलं निवडत होते. त्या हंगामात संघाने सगळे ११ सामने मिळून ४८ गुण केले आणि ६१७ दिले. खरी लढत मैदानाबाहेरच हरली गेली होती. तरीही स्वतःच्या अभ्यासाचा खर्च सोसून मुलं दरवर्षी संघात येत राहिली, मार खात राहिली, पुढच्या शनिवारी पुन्हा उभी राहिली. मध्यंतरात ‘मार्चिंग स्टॉर्म’ या विद्यापीठाच्या बँडसाठी लोक जागेवर बसून राहत, हेही खरं.

२६ सप्टेंबर १९९८ रोजी ओक्लाहोमा सिटीत लँग्स्टन विद्यापीठाला १४–१२ असं हरवून मालिका तुटली. प्रेअरी व्ह्यूच्या स्वतःच्या कॉन्फरन्सचं विजेतेपद परत यायला आणखी ११ वर्षं लागली: २००९ मध्ये अलाबामा ए अँड एमवर ३०–२४ असा विजय, १९६४ नंतर पहिल्यांदाच.