मातीचा नमुना उन्हात वाळवून आणू नका

प्लेटिंगचं युनिट, भट्टीची राख किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला जमिनीला लागून असलेले ग्राहक आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी विचारत येतात. मातीत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल किती उतरलंय? आणि त्यानं मातीतले जीव मेले का? प्रश्न दोन, म्हणून नमुनेही दोन लागतात. घोळ होतो तो इथेच.

नेहमीच्या माती परीक्षणाच्या सवयीनं लोक माती उन्हात पसरतात, चाळतात आणि पिशवी भरून आणतात. धातूंच्या तपासणीला वाळलेली माती चालते, सावलीत वाळवलेली असेल तर उत्तमच. जिवाणूंच्या तपासणीला मात्र तो नमुना फुकट जातो. वाळताना बरेच जिवाणू मरतात. तीच माती आम्ही ओली केली की उरलेले जिवाणू मेलेल्यांवर ताव मारतात आणि काही दिवस कार्बन डायऑक्साइड भराभर सुटतो. जिवाणूंचं श्वसन आम्ही त्यावरूनच मोजतो. आकडा पाहून वाटावं, जमीन भलतीच जिवंत आहे! त्यात धातूंचा ताण असलेल्या मातीत जिवाणूंची बरीचशी शक्ती तगून राहण्यातच जाते, त्यामुळे संख्येच्या मानानं त्यांचं श्वसन मुळातच जास्त असतं. दोन्ही परिणाम एकत्र आले की आकड्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून असा नमुना आम्ही परत करतो. ‘तुमचे फार नखरे’ हे ऐकून घेऊ, पण चुकीचा अहवाल देणार नाही.

जिवाणूंसाठीची माती जमीन वाफशावर असताना घ्या. वरच्या 15 सेंटिमीटरमधलीच हवी, कारण बहुतेक धातू तिथेच अडकून राहतात. पिशवीचं तोंड सैल ठेवा, लगेच बर्फाच्या डब्यात घाला. मुक्काम पडला तर फ्रीजमध्ये 4 अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नको. नाल्याकडची पट्टी आणि उरलेली जमीन यांची माती एकत्र कालवू नका, नाहीतर सरासरीत दूषित पट्टी लपते. गॅल्व्हनाइज्ड बादली तर अजिबात नको, तिच्यावर जस्ताचाच थर असतो. आमच्या नमुना पेटीत प्लास्टिकचं खुरपं, पिशव्या आणि बर्फाचे पॅक असतात. पेटी नेलेल्यांचे नमुने सहसा परत जात नाहीत.

‘गांडुळं दिसतात, म्हणजे सगळं ठीक ना?’ तसं नाही. गांडूळ कॅडमियम अंगात साठवूनही जगतं, आणि ते खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तो धातू जातो. त्यापेक्षा शेंगवर्गीय पिकाचं रोप अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र बांधलं जातंय. वाढीच्या भरात असलेल्या पिकाच्या गाठी पांढुरक्या किंवा हिरवट निघाल्या तर आमच्याकडे या. इंग्लंडमध्ये वोबर्न इथल्या प्रयोगात 1942 ते 1961 या काळात जमिनीत धातू असलेला सांडपाण्याचा गाळ घातला गेला. तो बंद होऊन वीसेक वर्षं लोटल्यावरही तिथल्या सूक्ष्मजीवांचं वस्तुमान शेणखत घातलेल्या वाफ्यांच्या जवळपास निम्मंच होतं, आणि क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या मुळांवर गाठी येऊनही त्या नत्र बांधत नव्हत्या.

जिवाणू खताचे डबे आम्ही विकत नाही. धातू कुजत नाहीत, त्यामुळे डबा ओतून शिसं जात नाही. आधी सामू (pH) बघावा लागतो. आम्लधर्मी मातीत कॅडमियम आणि जस्त सुटे होऊन जिवांना जास्त बाधतात, तिथे चुन्यानं फरक पडतो. आर्सेनिक किंवा षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) असेल तर तोच चुना त्यांना मोकळं करू शकतो. तेव्हा चुना टाकायच्या आधी नमुना द्या. जिवाणूंच्या अहवालाला धातूंच्या अहवालापेक्षा जास्त दिवस लागतात, कारण माती उबवत ठेवावी लागते. पेरणी तोंडावर आल्यावर आणू नका.