मोल: गुणोत्तर आधी, मोजणी मागाहून

8 ग्रॅम ऑक्सिजन वायूत अणू किती? 8 ला ऑक्सिजनच्या रेणुवस्तुमानाने, म्हणजे 32 ने, भागलं की 0.25 मोल रेणू. त्याला एका मोलमधल्या कणांच्या संख्येने, म्हणजे 6.022 × 10²³ ने, गुणायचं आणि एका रेणूत दोन अणू म्हणून दुप्पट करायची. उत्तर 3.011 × 10²³. गणित दोन ओळींचं, पण त्यातले आकडे जुळून यायला शंभर वर्षं लागली.

सगळा घोळ त्या ‘दुप्पट’मध्ये होता. रसायनशास्त्रज्ञ डाल्टनने 1808 साली अणूंची सापेक्ष वजनं छापली, तेव्हा पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकास एक असतात असं धरलं होतं. हायड्रोजन 1 मानून त्याने ऑक्सिजन 7 ठरवला. तोलण्यात चूक झाली नसती तरी 8च आला असता, 16 नाही. सूत्रच चुकलं तर तराजू काय करणार! 1811 मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोने तोड सुचवली: समान तापमान आणि दाब असेल तर समान आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्याचा रेणूही दोन अणूंचा असू शकतो. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना का चिकटतील, हे मात्र अनेकांना पटेना. 1856 मध्ये तो वारला, तोवर त्याचं म्हणणं अडगळीतच होतं. 1860 च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारोने ते पुन्हा पुढे आणलं आणि अणुवस्तुमानांचा गोंधळ निवळू लागला.

म्हणजे 32 हाती आला. मोजणी अजून बाकीच होती. 1865 मध्ये लोश्मिटने हवेच्या रेणूचा आकार अंदाजला, त्यावरून रेणूंच्या संख्येची पहिली चाहूल लागली. ‘मोल’ हे एकक रूढ केलं रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने, आणि गंमत म्हणजे अणू खरोखर असतात यावर त्याचा तेव्हा विश्वासच नव्हता! त्याच्या लेखी मोल म्हणजे ग्रॅममध्ये मोजलेलं रेणुवस्तुमान, बस्स. पाण्यात तरंगणारे राळेचे सूक्ष्म कण पेरँने सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर अक्षरशः मोजले. त्यातून काढलेल्या संख्येला त्याने 1909 मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव दिलं. ओस्टवाल्डनेही याच सुमारास माघार घेतली.

1971 मध्ये मोल एसआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं, एकक झाला: 12 ग्रॅम कार्बन-12 मध्ये जितके अणू, तितके कण. 20 मे 2019 पासून व्याख्या उलटी फिरली. 6.02214076 × 10²³ हा आकडा नेमका ठरवून टाकला, आणि कार्बन-12 च्या एका मोलचं वस्तुमान आता प्रयोगाने मोजायचं.