सिंथेसायझरच्या मुळाशी रेडिओची शिट्टी

जुन्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओवर रात्री मीडियम वेव्हचा काटा सरकवला की मधूनच 'कुंईंऽऽ' अशी शिट्टी यायची. जवळजवळच्या दोन लहरी एकत्र आल्या की त्यांच्या कंपनसंख्यांमधल्या फरकाएवढा तिसरा सूर ऐकू येतो, तो हा. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना ती कटकट वाटते, पण इलेक्ट्रॉनिक संगीताचं मूळ मला तरी तिच्यातच दिसतं.

अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये ट्रायोड, म्हणजे क्षीण सिग्नल मोठा करणारा व्हॉल्व्ह, बनवला आणि 1915 मध्ये त्याच्यावरच पियानोही करून पाहिला. पुढे त्याचं फारसं काही झालं नाही.

खरी मजा 1920 ची, रशियातल्या पेत्रोग्राडमधली (आजचं सेंट पीटर्सबर्ग). भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह तेरमेन वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण जुळवत होता. हात जवळ नेला की त्याच्या हेडफोनमधला सूर चढायचा. गडी चेलो वाजवणारा, त्यामुळे मोजमाप बाजूला राहिलं आणि थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं वाद्य जन्माला आलं. समजा, एक ऑसिलेटर (ठरावीक कंपनसंख्येची विद्युत लहर तयार करणारं सर्किट) 1,70,000 हर्ट्झवर स्थिर आहे आणि दुसऱ्याला अँटेना जोडलीय. हात आणि अँटेना मिळून छोटासा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) होतो, त्यामुळे दुसऱ्याची कंपनसंख्या घसरते. ती 1,69,560 वर आली की फरक उरतो 440 हर्ट्झ, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्याच्याशी वाद्यं जुळवतो तोच सूर. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीने 1929 मध्ये हे वाद्य बाजारात आणलं, पण जेमतेम 500 नग बनले. हवेत सूर पकडायचा तर कान तयार लागतो; जाहिरातीत ते सोपं वाटत असणार!

फ्रान्सचा मार्तनो पहिल्या महायुद्धात वायरलेस ऑपरेटर होता. 1928 मध्ये त्याने याच तत्त्वावरचं आपलं वाद्य लोकांपुढे आणलं; पुढे त्याला पियानोसारख्या पट्ट्याही आल्या. जर्मनीतल्या कोलोनच्या रेडिओ केंद्रात 1950 च्या दशकात उपकरणं तपासायच्या ऑसिलेटरांतूनही रचना घडू लागल्या.

1954 मध्ये मुंबईत 'नागिन'ची बीन वाजली ती क्लॅव्हिओलिन या व्हॉल्व्हच्याच वाद्यावर. वाजवणारे होते कल्याणजी. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या विद्यार्थ्याचा थेरेमिनवरचा लेख एका रेडिओ मासिकात छापून आला. घरी जुळवायचे थेरेमिनचे संच विकून त्याचा खर्च भागे. मूगच्या आराखड्यावरून थेरेमिन जुळवणाऱ्यांत हर्बर्ट डॉइच नावाचा संगीतकार होता. 1964 मध्ये या दोघांनी मिळून मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेच्या लहरींतून हवे तसे सूर घडवणाऱ्या वाद्याचा, पहिला नमुना उभा केला.