उकळबिंदू बघून फसू नका: पाणी सोडून हवेत कोण जातं?

पावसाळा लागला की पाण्यात टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) जरा जास्त पडते, नळाला तो वास यायला लागतो आणि व्हॉट्सॲपवर ठरलेला फॉरवर्ड येतो: पाणी रात्रभर हंड्यात उघडं ठेवा, क्लोरीन वायू आहे, उडून जाईल. पटकन पटतं, कारण शाळेत क्लोरीन वायू म्हणूनच शिकलोय. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन वायूच्या रूपात जवळपास नसतोच. टीसीएल टाका नाहीतर सिलिंडरमधून गॅस सोडा, पाण्यात शेवटी असतं ते हायपोक्लोरस आम्ल आणि त्याचा आयन, म्हणजे त्याचंच विद्युतभार असलेलं रूप. आयन तर हवेत जातच नाही, आणि आम्ल जातं पण फारच थोडं, नाकाला कळण्यापुरतं. हंड्यातलं क्लोरीन कमी होतं ते मुख्यतः उन्हामुळे आणि पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशांशी रिॲक्शन होऊन.

त्या रिॲक्शनमधून किंचित क्लोरोफॉर्म बनतं, हे १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवलं. क्लोरोफॉर्म द्रव आहे, ६१ अंशांना उकळतं, तरी पाण्यातून हवेत जायला ते त्या आम्लापेक्षा हजारो पटींनी जास्त तयार असतं. (लगेच घाबरून क्लोरीन बंद करा म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेची क्लोरोफॉर्मसाठीची मर्यादा लिटरला ३०० मायक्रोग्रॅम आहे, आणि बिनक्लोरीनच्या पाण्यातला कॉलरा कुठलीच मर्यादा पाळत नाही. हीच भीती दाखवून महागडी अल्कलाइन वॉटर मशिनं विकणारे वेगळेच.)

मग हवेत कोण जाणार हे ठरवतं कोण? बहुतेकांचं उत्तर असतं उकळबिंदू. चूक. इथेनॉल म्हणजे दारूतलं अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि बेंझिन ८० अंशांना, म्हणजे जवळपास सारखंच. पण दोन्ही पाण्यात थोडं थोडं मिसळून वर बंदिस्त हवा ठेवली तर बेंझिनचा हवेकडचा ओढा इथेनॉलच्या साधारण हजारपट निघतो. ड्रायक्लीनिंगचं टेट्राक्लोरोएथिलीन तर १२१ अंशांना उकळतं, पाण्याच्याही वर, आणि तरी पाणी सोडून मजेत निघून जातं. कारण उकळबिंदू सांगतो की पदार्थाचे रेणू एकमेकांना किती धरून आहेत, इथे प्रश्न आहे की पाणी त्यांना किती धरून ठेवतं. इथेनॉलला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी पकडून ठेवतात, बेंझिनला पाण्यात कोणी विचारत नाही.

हा ओढा एका आकड्यात सांगतात, हेन्रीचा स्थिरांक. मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांचा वायूंवरचा पेपर १८०३ चा. सोपी व्याख्या: सगळं स्थिरस्थावर झाल्यावर एक लिटर हवेत किती पदार्थ आहे भागिले एक लिटर पाण्यात किती. २५ अंशांना क्लोरोफॉर्मचा साधारण ०.१५, बेंझिनचा ०.२२, इथेनॉलचा ०.०००२. (पुस्तकात बघायला जाल तर वैतागाल, कोणी पास्कलमध्ये लिहितं, कोणी ॲटमॉस्फियरमध्ये, कोणी पूर्ण उलटा करून, आणि नाव सगळ्यांचं एकच.)

आता माझा आवडता भाग, हा आकडा मोजतात कसा. सरळ मार्ग म्हणजे हवेतलं मोजा, पाण्यातलं मोजा, भागाकार करा. पण दोन वेगळी मोजमापं, दोन वेगळी कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र जुळवून घेणं), आणि पाण्याचा नमुना काढता काढताच क्लोरोफॉर्म उडून जातं. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स गॉसेट यांनी १९८७ मध्ये क्लोरीनवाल्या सॉल्व्हंट्सचे स्थिरांक ज्या पद्धतीने मोजले ती बघा. समजा १६० मिलीच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत २० मिली पाणी, दुसरीत १२०. दोन्हीत अगदी सारखंच क्लोरोफॉर्म सिरिंजने सोडायचं, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं बूच लावून कॅप दाबून बसवायची (साधं रबर क्लोरोफॉर्म शोषून घेतं) आणि ठरावीक तापमानाला हलवत ठेवायचं. मग दोन्हींतली फक्त हवा जीसीला, म्हणजे वायूतले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राला द्यायची. बस. पाण्याला हातही लावायचा नाही.

हिशोब असा. पाण्यातलं प्रमाण म्हणजे हवेतलं भागिले स्थिरांक, म्हणून पाण्याचा प्रत्येक मिली 'एक भागिले स्थिरांक' इतक्या मिली हवेएवढा माल धरतो. पहिल्या बाटलीत १४० मिली हवा अधिक २० भागिले ०.१५, म्हणजे सुमारे २७३. दुसरीत ४० अधिक १२० भागिले ०.१५, म्हणजे ८४०. माल सारखाच, त्यामुळे पहिलीच्या हवेतलं प्रमाण दुसरीच्या ८४० भागिले २७३ म्हणजे ३.०७ पट. प्रत्यक्षात उलटं करायचं, जीसीच्या आलेखावरच्या दोन पीकचं (उंचवट्यांचं) गुणोत्तर ३.०७ आलं की समीकरण सोडवून ०.१५ मिळतो. किती क्लोरोफॉर्म टाकलं हे माहीत असायची गरज नाही, दोन्हीकडे सारखं टाकलं की झालं, आणि जीसी कॅलिब्रेट नसला तरी चालतो कारण गुणोत्तरात ते सगळं कटून जातं! ही आयडिया पहिल्यांदा समजली तेव्हा मी अक्षरशः खूश झालो होतो.

पण हेच गणित इथेनॉलसाठी करून बघा. पहिलीत १४० अधिक एक लाख, दुसरीत ४० अधिक सहा लाख, गुणोत्तर ५.९९. स्थिरांक शून्यच असता तर बरोबर ६ आलं असतं. एवढा फरक जीसीच्या एक-दोन टक्के चुकीत कुठल्या कुठे हरवून जातो. म्हणजे पाण्याला चिकटून राहणाऱ्या पदार्थांना ही पद्धत बाद. त्यांच्यासाठी हवा आणि पाणी दोन्हीकडचं थेट मोजावं लागतं, इंडियानाच्या रोला हार्गर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये इथेनॉलचं हवा आणि पाणी, रक्त, लघवी यांच्यातलं वाटप मोजून छापलं. हे हार्गर म्हणजे ड्रंकोमीटर बनवणारे, नाकाबंदीत पोलीस तोंडासमोर धरतात त्या ब्रेथ ॲनालायझरच्या आजोबांचे जनक.

तपासणीचं मशिन बरोबर आहे का हे बघायला ठरलेल्या तीव्रतेचं इथेनॉल-पाणी ३४ अंशांवर ठेवून त्यातून हवा सोडतात, बाहेर येणाऱ्या हवेत किती इथेनॉल असणार हे स्थिरांकावरून आधीच माहीत असतं. ३४ अंश कारण बाहेर पडणारा श्वास साधारण तेवढा असतो. तापमान एका अंशाने चुकलं तरी आकडा सुमारे ७ टक्क्यांनी हलतो, म्हणून ते ०.२ अंशांच्या आत ठेवायचं असतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आणि वेलची, मसाला पान, कच्चा कांदा खाऊन मशिनला गंडवता येतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की फुप्फुसात खोलवर रक्तातून हवेत जाणारं इथेनॉल तोंडात वेलची आहे की नाही हे बघत नाही, समोरच्या हवालदाराच्या नाकाला फार तर वेलचीचा वास येईल.